दहावीनंतरची सहा वर्षं

६ जुलै, लाखांदूर

पावसानं जोर धरलाय. पऱ्हे रोवणीला आलेत, बाया मिळत नाहीत, आणि अशात घरात विषय माझ्या ॲडमिशनचा. ब्रह्मपुरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा हातात आला. बाबांचं एकच म्हणणं, "आता जेईची तयारी कर ना. अजून तीन वर्षं कायले पाहिजेत?"

त्यांचं अगदीच चूक नाही. कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला डिप्लोमा चालतो, आणि आमच्या भागात जेई साहेब म्हणजे मोठा माणूस. पण एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा द्यायची तर पदवीच लागते.

मी त्यांना हिशोब मांडून दाखवला. बारावीवाले दोन अधिक चार, सहा वर्षं. आम्ही डिप्लोमावाले तीन अधिक तीन, सहाच. वर्ष कुठंच वाया जात नाही. उलट मधेच शिक्षण सोडायची वेळ आली तर त्यांच्या हातात बारावीची गुणपत्रिका, आमच्या हातात नोकरीला चालणारा कागद. बाबा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "मंग येवढी चर्चा काऊन? फारम भर आन् बांधीत ये."

११ जुलै

ऑनलाईन सेंटरवर अर्धा दिवस. लाईट गेली, आली, मग सर्व्हर गेला.

डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा तर सीईटी नाही, डिप्लोमाचे गुण चालतात. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राखीवला ४०. जागा मात्र मोजक्या: मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्के, शिवाय पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या. म्हणजे आमची आशा कुणीतरी सोडून दिलेल्या खुर्चीवर. हे वाक्य लिहिताना वाईट वाटलं, पण नियम तसाच आहे.

गुणांपेक्षा कागद जड. डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, टीसी, आणि सगळ्यांचा राजा म्हणजे जात पडताळणी. ती भंडाऱ्याच्या समितीकडून यावी लागते. माझी दहावीनंतरच करून ठेवली होती, कारण बाबांना कागदाची भीती आहे आणि त्या भीतीचा मला फायदा झाला. माझ्याआधीच्या मुलाकडे नुसती पावती होती. तो मान खाली घालून फोन लावत बसला होता.

सेंटरवाला दादा म्हणाला, "थेट दुसऱ्या वर्षाले? तुयी मजा हाये बापा, एक वर्ष फुकट भेटलं." जो भेटेल तो हेच म्हणतो. तीन वर्षं वडशावरून वैनगंगेचा पूल ओलांडत केलेली ये-जा या लोकांच्या हिशोबात कुठंच नाही.

१४ जुलै

फीचा प्रश्न निघाला तेव्हा मी बाबांना ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचून दाखवला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या, आमच्यासारख्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ; आधी निम्मं होतं. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. बाबांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "आन् खानावळ?" ती माफीत येत नाही. बाबा नेमकं तेच विचारतात जे योजनेत नसतं.

३ ऑगस्ट

ऑप्शन फॉर्म. माझा क्रम: चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी, मग नागपूरचं, मग अमरावतीचं. पॉलीवाल्या मैत्रिणी हसल्या, नागपूर सोडून चंद्रपूर वर? अमरावतीचं तर १९६४ चं जुनं, नावाजलेलं. पण वडसा स्टेशनात बसलं की ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करत गाडी थेट चंद्रपूरच्या चांदा फोर्टला उतरवते. रोवणा असो की धानकापणी, निरोप आला तर त्याच दिवशी घरी पोचता येईल. कॉलेज निवडताना प्लेसमेंटचे आकडे बघावेत असं सगळे सांगतात. घरी धान असलेल्या पोरीनं रेल्वेचं वेळापत्रकही बघावं.

सप्टेंबरचा पहिला रविवार, चंद्रपूर

मिळालं. होस्टेलची खोली, तीन पलंग, एक पंखा. दोघीजणी बारावीवाल्या, पहिलं वर्ष इथंच झालेल्या. त्यांचे ग्रुप ठरलेले, वह्या ठरलेल्या, कोणत्या सरांना काय चालतं तेही माहीत. आम्ही डिप्लोमावाले वर्ग सुरू झाल्यावर हळूहळू येतोय आणि आपसूक मागच्या दोन बाकांवर साचतोय. हजेरीतही आमची नावं शेवटी, आडनाव 'अ' वरून असलं तरी.

११ सप्टेंबर

गणित-३. सरांनी फळ्यावर पार्शल डेरिव्हेटिव्ह लिहिलं आणि म्हणाले, "हे तुमचं पहिल्या वर्षी झालेलंच आहे." मागच्या दोन बाकांनी एकमेकांकडे पाहिलं. आम्हाला पॉलीत इंटिग्रेशन होतं, साधी डिफरन्शियल इक्वेशन्स होती. पार्शल नाही, डबल इंटिग्रल नाही. इकडे मात्र लाप्लास सुरू होऊन पुढं फोरियेची वाट धरलेली.

दुपारी सर्व्हेचं लेक्चर. बेंचमार्क म्हणजे काय, बॅकसाईट, फोरसाईट. हे मी सतराव्या वर्षी केलंय. सुट्टीतल्या ट्रेनिंगला गोसीखुर्दच्या कालव्याच्या कामावर ऑटो लेव्हल लावून उन्हात उभी राहिलेय. १९८८ साली राजीव गांधींनी पायाभरणी केलेलं ते धरण. त्याचं काम माझ्या ट्रेनिंगपर्यंत पुरलं!

सकाळी आणि दुपारी मिळून जे उमगलं ते असं. आम्हाला एक अख्खं वर्ष माफ केलंय, विषय बघून नाही. त्यामुळं जे शिकलो तेच पुन्हा शिकायचं, आणि जे कधी पाहिलंही नाही ते झालंय असं समजून पुढं जायचं. अमेरिकेत दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून पोरं विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जातात. तिथं एकेक विषय जुळवून पाहतात, क्रेडिट धरतात किंवा नाकारतात. त्यात त्यांचेही क्रेडिट बुडतात आणि ती पोरं रडतात, पण निदान काय धरलं आणि काय बुडलं ते कागदावर असतं. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिटची बँक आहे, माझाही अपार आयडी निघालाय. त्या बँकेत माझी तीन वर्षं कुठल्या खात्यावर जमा आहेत ते एकदा बघायला हवं. डिप्लोमावाल्यांसाठी ब्रिज कोर्स घ्यावा असं एआयसीटीईचा नियमच सांगतो. मलाही तो हवाय, फक्त गणिताचा, सर्व्हेचा नको.

२० सप्टेंबर

लॅबमध्ये काँक्रीटचे क्यूब भरायचे होते, दीडशे मिलिमीटरचे. पुढच्या बाकावरची मुलं वही उघडून प्रक्रिया वाचत होती. मी आणि गडचिरोलीचा एकजण सरळ साच्याला तेल लावायला बसलो. लॅबमधल्या काकांनी विचारलं, "पॉलीवाले का?" त्यांना हातावरून कळलं.

संध्याकाळी खोलीतली एकजण म्हणाली, "मला लेव्हलिंग शिकवशील? परीक्षेला फिगर चुकते." मी म्हटलं, शिकवते, तू मला पार्शल शिकव. तिनं पहिल्या वर्षाची वही काढली. रात्री दोनपर्यंत बसलो. चेन रूलला आलो तोपर्यंत तिला झोप लागली होती. उरलेलं मी तिच्या वहीवरूनच केलं. अक्षर सुंदर, पण ऋण चिन्ह हमखास विसरते.

५ ऑक्टोबर

बाबांचा फोन. आधी धानावरच्या रोगाबद्दल बोलले, मग, "कसं चालू हाये?" मी म्हटलं, एका विषयात मागे आहे. लगेच, "जेईची जाहिरात आली तं भरून ठेवशीन." भरीन. यात मला आता कमीपणा वाटत नाही. डिप्लोमा रद्द झालेला नाही, तो माझ्याजवळ आहेच.

भाऊबीजेनंतर, लाखांदूर

गावी मंडईची जत्रा. वडशाच्या कंपनीचं नाटक रात्री आहे, पण माझ्याभोवती दुपारीच एक बैठक भरली. शेजारचा पोरगा साकोलीच्या तंत्रनिकेतनात पाचव्या सेमिस्टरला आहे. त्याला सगळंच विचारायचं होतं: किती टक्के लागतात, चंद्रपूर बरं की नागपूर, होस्टेल मिळते का जी.

मी टक्केवारी सांगितली नाही, ती दरवर्षी बदलते. जात पडताळणीचं विचारलं तर म्हणाला, "अर्ज केला हाये." कधी? गप्प. त्याच्या आईला बोलावून सांगितलं, आधी ते पाहा.

मग त्याला गणिताचे चार धडे लिहून दिले: पार्शल डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, डबल इंटिग्रल, बीटा-गॅमा. शेवटचा पेपर झाला की प्रवेश होईस्तोवर दोन-तीन महिने मोकळे असतात, त्यात हे करून टाक. कॉलेजात कोणी पहिल्यापासून शिकवणार नाही.

तो यादी न्याहाळत राहिला. "ताई, याचे मार्क मेरिटमध्ये धरतात का?"

"नाही."

"मंग आत्ता काऊन करू?"

मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स पिशवीत होती, ती काढून दिली. नाटकाला जाताना तो ती सोबत घेऊन गेला की घरीच टाकून गेला, ते मला दिसलं नाही.