दगड कुठे शोभतो

दिवाणखान्यातली एक भिंत काळ्या दगडाची दिसावी, हे माझ्या मनात बऱ्याच दिवसांपासून होतं. आमचं घर पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. खऱ्या दगडाचा विषय काढला तेव्हा ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनी सरळ नकार दिला. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, घनफुटाला 80 किलोच्या आसपास भरतो. नुसती 20 मिलिमीटर जाडीची लादी लावली तरी चौरस मीटरला पन्नास-साठ किलो होतात, त्यात सिमेंटचा माल वेगळा. आमची भिंत चार इंची विटांची, आणि तिच्याखाली तुळई नाही. मग हलक्या पॅनलचा शोध सुरू झाला.

दुकानांत मुख्यतः दोन प्रकार पाहिले. एक पीयूचा. खऱ्या दगडी बांधकामावरून साचा काढून त्यात पॉलियुरेथेनचा फोम ओततात आणि वरून रंग देतात. चार फुटी पॅनल मी एका हातानं उचललं. दुसरा स्टोन व्हिनियरचा. स्लेटसारख्या पापुद्रे सुटणाऱ्या दगडावर रेझिन आणि फायबरग्लास चिकटवतात, आणि ते वाळलं की दगडाचा पातळ पापुद्रा त्याच्यासकट ओढून काढतात. यात पृष्ठभाग खरा दगडाचाच असतो, पण तो सपाट. चिऱ्यांचा उठाव हवा तर पीयू.

पॅनल कोणतं घ्यायचं यापेक्षा ते कुठे लावायचं, यावर माझा जास्त विचार झाला. शनिवारवाड्याचा तट आठवून पाहा. खाली घडीव दगड, वर वीटकाम. जुन्या वाड्यांतही जोतं दगडाचं, वरचं बांधकाम विटा, माती आणि लाकडाचं. दगड भार घेतो, म्हणून तो खाली असतो आणि जमिनीतून वर येतो. आपल्या डोळ्याला ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्यामुळे टीव्हीमागे अधांतरी चौकोन चिकटवला, किंवा फॉल्स सीलिंगच्या कडेनं दगडाची पट्टी फिरवली, की काहीतरी चुकतंय हे न सांगताही कळतं. मी ठरवलं, आपली दगडी भिंत फरशीपासून सुरू होईल आणि खांबाच्या कोपऱ्यावरून वळेल. तिच्यावर ना फडताळ, ना काचेची चौकट.

सासूबाईंना मात्र तोच दगड देवघरामागे हवा होता. त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं. त्यांच्या माहेरचा देव्हारा दगडी कोनाड्यात होता. पण पीयूचा फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तिथे रोज निरंजन, समई, उदबत्ती. अग्निरोधक जातीचा माल मिळतो, तरी ज्योतीच्या इतक्या जवळ तो लावायला माझं मन घेईना. "आई, तिथे आपण खराच दगड बसवू," असं मी म्हटलं, आणि कडप्प्याची एक फरशी आणली. एवढ्याशा जागेला वजनाचा प्रश्न नव्हता. कडप्प्याला तेलाचा हात लागला की तो आणखी काळा होतो, हे त्या माझ्याआधी जाणून होत्या.

लावण्याच्या दिवशी सुतारकाका पॅनल थेट भिंतीवर चढवणार होते. मी आधी सगळी फरशीवर मांडून घेतली. साचे मोजकेच असल्यामुळे तोच डावा कोपरा उडालेला चिरा, तीच आडवी चीर दर पॅनलवर येते. शेजारी शेजारी आली तर सोंग उघडं पडतं. काही पॅनल उलटी फिरवली, काही मधूनच कापून सांधे पुढेमागे केले. "ताई, आता कुठून सुरू होतं तेच कळेना," असं काका म्हणाले तेव्हाच मी लावायला सांगितलं. बारीक दातांच्या करवतीनं पॅनल लोण्यासारखं कापलं जातं. चिकटवायला पीयू अ‍ॅडेसिव्ह, आधाराला स्क्रू. स्क्रूआधी भिंतीतली वायरिंग कुठून गेली आहे ते पाहून खुणा केल्या आणि स्विचबोर्डची पेटी पॅनलच्या जाडीइतकी पुढे ओढून घेतली. कडा फिलरनं नीट बंद केल्या, नाहीतर मागच्या पोकळीत पाली घर करतात.

उजेड समोरून आला की चिरे सपाट दिसतात. म्हणून दिवा छताला, भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर लावला. वरून उतरणाऱ्या उजेडात प्रत्येक चिऱ्याखाली सावली पडते.

स्वयंपाकघरात हे पॅनल नकोच. शेगडीची आच आहेच, शिवाय फोडणीचा चिकटा खाचांत बसला की निघत नाही. ओल येणाऱ्या भिंतीवर तर अजिबात नको. गळती आधी बंद करावी, नाहीतर ओल झाकली जाते आणि आतून प्लास्टर सुटतं. पश्चिमेच्या उन्हात पीयूचा रंग उडतो, म्हणून बाल्कनीत कठड्याच्या उंचीपर्यंत स्टोन व्हिनियर लावून त्यावर सीलर मारला. बाहेरच्या भिंतीला हात लावायचा तर सोसायटीची परवानगी लागते, ही तर आतली बाजू.

धूळ बसतेच. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश वरून खाली फिरवते, ओलं फडकं नाही. जास्तीची दोन पॅनल माळ्यावर जपून ठेवली आहेत. सामान हलवताना कोपरा खरवडला तर तेवढाच तुकडा कापून बदलता येतो, आणि पुढच्या मालात तोच रंग मिळेल याचा भरवसा नसतो.