बोळातला हीट पंप

साताऱ्यात डिसेंबर लागला की पहाटेच्या अंघोळीचं पाणी हा घरोघरचा विषय होतो. यादोगोपाळ पेठेतल्या माझ्या मामांकडे आधी तांब्याचा बंब होता, मग गच्चीवर सोलर आला. पण इथला पावसाळा दिवसेंदिवस ऊन दाखवत नाही. शेवटी मामांनी हीट पंप घेतला. हवेतली उष्णता ओढून ती पाण्याला देणारं हे यंत्र. एक युनिट विजेवर साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरची उष्णता टाकीत आणतो. म्हणजे कॉम्प्रेसर आणि पंखा दोन्ही आले, आणि त्यांचा आवाजही आला.

यंत्र बसलं दोन घरांमधल्या बोळात. जागा रिकामी होती, न्हाणीघरही लागूनच. आठवडाभरात शेजारच्या आक्का दारात.

"बाळासाहेब, रातभर पिठाची गिरण चालल्यागत वाटतंय. डोळ्याला डोळा लागंना."

मामांनी माहितीपत्रक काढलं. एक मीटरवर ५२ डेसिबल. "आपलं बोलणं ६० असतं, आक्का!" आकडा बरोबरच होता. पण बोलणारा माणूस रात्री दोन वाजता खिडकीखाली उभा राहून एकाच सुरात बोलत नाही.

मोबाइलमधलं ॲप घेऊन मी बोळात उतरले. असल्या ॲपचा आकडा थोडा इकडेतिकडे असतो, पण तुलनेपुरता चालतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. त्या हिशोबाने अडीच मीटरवरच्या आक्कांच्या खिडकीपाशी ४४ यायला हवे होते. आले ५०! दोन्हीकडे भिंती, खाली फरशी. आवाजाला पसरायला वावच नाही, तो तिथेच आपटत राहतो. माहितीपत्रकातला आकडा मोकळ्या जागेतला असतो. बोळ त्यात धरलेला नसतो, आणि आपल्या पेठांमध्ये तर बोळच बोळ.

आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. जर्मनीत, जिथे घरोघरी हीट पंप बसताहेत, सर्वसाधारण निवासी भागात रात्रीची मर्यादा ४० आणि निव्वळ निवासी वस्तीत ३५ आहे. शिवाय ती मोजायची शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीच्या अर्धा मीटर बाहेर. मला हे फार आवडलं. यंत्र कुणाचं ते सोडा, झोप कुणाची ते बघा.

मामांच्या बोळावरचा उपाय एका पैशाचाही नव्हता. टाकी दोनशे लिटरची, नीट वेष्टण असलेली. दुपारी तापलेलं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत चांगलं कढत राहतं. मग यंत्र रात्री चालवायचंच कशाला? टायमर दुपारी बारा ते चारवर लावला. दुपारची हवा ऊबदार, त्यामुळे कॉम्प्रेसरवर भार कमी आणि वीजही थोडी वाचली. आक्का त्या वेळी टीव्ही लावून बसलेल्या असतात.

सांगलीत माझ्या बहिणीकडे मात्र टायमरने भागलं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. ते पाणी पाहिलेला माणूस कुठलंही महागडं यंत्र तळमजल्यावर ठेवत नाही. तिच्या इमारतीत ते गच्चीवर चढलं, तेही स्लॅबच्या बरोबर मधोमध, लोखंडी अँगलवर. खालची खोली तिच्या सासूबाईंची.

त्यांची तक्रार दुपारच्या झोपेची. ॲपवर आकडा जेमतेम ३२, त्यामुळे भाओजींचा विश्वास बसेना. पण पलंगाच्या लाकडाला हात लावला की थरथर कळायची. हे मोजमाप माणसाच्या कानाला जुळवलेलं असल्याने खर्जातली घरघर त्यात कमी धरली जाते, आणि कॉम्प्रेसरचा हादरा नेमका तिथलाच. तो हवेतून येत नव्हता, स्लॅबमधून उतरत होता.

मिस्त्रीने यंत्र उचलून तुळईच्या डोक्यावर, काँक्रीटच्या ओट्यावर घेतलं. पायाखाली जाड रबरी पॅड घातले. तरी थोडी घरघर राहिलीच. शेवटी सापडली ती पाइपाची पट्टी, भिंतीला करकचून आवळलेली. तिथे रबराचा तुकडा घातला, यंत्राजवळचा पाइपही लवचीक नळीचा केला, आणि पलंग गप्प झाला.

आता सासूबाईंना लिफ्टचा आवाज ऐकू येतो. तो विषय त्यांनी सोसायटीच्या येत्या सभेसाठी लेखी दिला आहे.