कोण बघतंय?

भयपट सुरू झाला की मी आधी एकच गोष्ट शोधतो. हे कोण बघतंय? पडद्यावर एखादं घर असतं, घाटातला रस्ता असतो, पाण्यात पोहणारी मुलगी असते. इतर सिनेमांत हे सगळं आपण बघत असतो, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. चांगल्या भयपटात मात्र पहिल्या दोन-चार मिनिटांतच संशय येतो की ही नजर आपली नाही, दुसऱ्याच कुणाची तरी आहे. घाबरावं असं अजून काहीच घडलेलं नसतं. तरी अंग आखडतं ते या संशयामुळे.

स्टॅन्ली कुब्रिकचा ‘द शायनिंग’ (१९८०) घ्या. विस्तीर्ण तळं, त्यात एक चिमुकलं बेट, भोवती डोंगर. कॅमेरा पाण्यावरून सरसरत बेटाकडे येतो आणि त्याला वळसा घालून निसटतो. मग वरून वळणावळणांचा रस्ता दिसतो आणि त्यावर एक पिवळी फोक्सवॅगन, मुंगीएवढी. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ग्लेशियर नॅशनल पार्कच्या परिसरात, ग्रेग मॅकगिलिव्हरेने हे हेलिकॉप्टरमधून टिपलं. दृश्यं इतकी देखणी आहेत की पर्यटनाच्या जाहिरातीत खपून जावीत. गाडी आपल्या वाटेने चाललीय, तिला कुणी अडवत नाही. पण वरून बघणारं जे काही आहे ते तिच्या मागावर आहे. एका ठिकाणी ते गाडीला गाठतं, मागे टाकतं आणि रस्ता सोडून सरळ दरीवर निघून जातं. मला सगळ्यात जास्त धास्ती या क्षणाची वाटते. पाठलाग करणाऱ्याने पाठलाग सोडून दिला, कारण त्याला घाई नाही. ही गाडी कुठे पोचणार हे त्याला ठाऊक आहे.

त्यावर वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांचं संगीत आहे. मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राची चाल त्यांनी सिंथेसायझरवर घेतली. ती चाल ज्यांनी कधी ऐकलेली नाही त्यांच्याही छातीवर तिचा भार येतो. या भाराने किती फरक पडतो याचा पुरावाच उपलब्ध आहे. याच चित्रीकरणातला न वापरलेला भाग रिडली स्कॉटने कुब्रिककडून मागून घेतला आणि ‘ब्लेड रनर’च्या १९८२च्या आवृत्तीत शेवटी वापरला. तिथे त्याच मुलखावरून तसाच कॅमेरा उडतो आणि प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटतं. डोंगरांत भीती नव्हतीच. कुणीतरी वरून बघतंय असं आपल्याला वाटायला लावण्यात ती होती.

आपल्याकडे हे फार समजावून सांगावं लागत नाही. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावणाऱ्या, तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या उतरवून टाकणाऱ्या घरांत आम्ही वाढलो. माझी आजी दृष्ट काढताना आल्यागेल्याची, भुताखेताची, वाटेवरच्या माणसाची अशी सगळ्यांची नावं एका दमात घ्यायची. मग सुक्या मिरच्या निखाऱ्यावर टाकायची आणि घरातले सगळे ठसका लागायची वाट बघत बसायचे. ठसका लागला तर बरं. नाही लागला तर दृष्ट जबर होती. खोलीभर धूर आणि एकाचंही खोकणं ऐकू येत नाही, ही माझ्या आठवणीतली पहिली भीती. कुणी बघितलं, कधी बघितलं, यातलं काही माहीत नसायचं. बघितलं एवढं नक्की असायचं.

जॉन कार्पेंटरने ‘हॅलोवीन’मध्ये (१९७८) याच्याही पुढे पाऊल टाकलं. त्याने ती नजर आपल्यालाच देऊन टाकली. १९६३ सालची हॅलोवीनची रात्र, हॅडनफिल्ड नावाचं काल्पनिक गाव, एक पांढरं दुमजली घर. कॅमेरा अंगणातून घराकडे निघतो. तो माणसाच्या चालीने चालतो, थोडा तरंगत. बाजूच्या खिडकीतून दिवाणखान्यातली मुलगी आणि तिचा मित्र दिसतात. दोघं वर जातात, वरच्या खोलीतला दिवा मालवतो. कॅमेरा घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो, दिवा लागतो, खण उघडतो आणि एक हात भलीमोठी सुरी उचलतो. तो हात चौकटीच्या खालून येतो, जिथून आपला स्वतःचा हात आला असता. इथपर्यंत आपण चोरून बघणारे होतो. आता आपल्या हातात सुरी आहे.

मग जिना. वर गेल्यावर जमिनीवर पडलेला विदूषकाचा मुखवटा उचलला जातो आणि पडदा काळा होऊन दोनच भोकं उरतात. (एक काप या मुखवट्याच्या आड लपवलाय. सगळा प्रसंग सलग वाटतो, पण तो एका दमात घेतलेला नाही.) त्या दोन भोकांतून आपण त्या मुलीकडे बघतो. वार सुरू होतात तेव्हा नजर तिच्यावर टिकत नाही, वर उठणाऱ्या सुरीकडे वळते. मारणारा स्वतःच्या हाताकडे बघतोय, हे काय चाललंय हे त्यालाही नवल वाटावं तसं. हा तपशील मला फार मोठा वाटतो. पडद्यावरचा तो हात चित्रपटाची निर्माती आणि सहलेखिका डेब्रा हिल हिचा होता, हे नंतर वाचलं. माहीत झाल्यावरही प्रसंगाची धार कमी झाली नाही.

खाली रस्त्यावर गाडी थांबते, वडील मुखवटा ओढून काढतात आणि पहिल्यांदाच कॅमेरा उलट्या बाजूने बघतो. समोर सहा वर्षांचा मुलगा, हातात रक्ताळलेली सुरी. आपण चार मिनिटं याच्या डोळ्यांत राहत होतो. यानंतर कॅमेरा हळूहळू वर आणि मागे जातो आणि आईबाप पुतळ्यासारखे उभे राहतात. कुणी किंचाळत नाही, कुणी सुरी काढून घेत नाही. पुढचा पूर्ण सिनेमा प्रेक्षक झुडपांमागे, खिडक्यांत, वाळत घातलेल्या चादरींच्या आड तीच नजर शोधत राहतो. त्याला ते कुणी शिकवलं? त्या चार मिनिटांनी.

इथेही कानांचा वाटा डोळ्यांइतकाच आहे. संगीत आणि इतर आवाज चढवण्याआधी कार्पेंटरने हा चित्रपट एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला, तर त्यांना अजिबात भीती वाटली नाही. मग त्याने स्वतः संगीत केलं. त्यातली पियानोची मुख्य धून पाचाच्या मापात आहे. चाराच्या सवयीने आपण सम धरायला जातो आणि ती एक मात्रा उशिरा येते. प्रत्येक आवर्तनात पाऊल चुकतं. श्रेयनामावली चालू असताना, पडद्यावर नुसता कोरलेला भोपळा असताना, आपला तोल गेलेला असतो.

स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘जॉज’ची (१९७५) सुरुवात यापेक्षा साधी आणि म्हणूनच अधिक क्रूर आहे. नामावलीच्या वेळी कॅमेरा समुद्राच्या तळाशी पाणवनस्पतींमधून सरकतो, खाली दोन स्वरांचा तो धडधडता ठेका. नंतर पोहणारी मुलगी आपल्याला खालून दिसते, उजेडावर उमटलेल्या आकृतीसारखी. तिला दिसतं फक्त शांत पाणी. मग तिला पहिला हिसका बसतो, अगदी लहान. तिच्या चेहऱ्यावर अजून वेदना नाही, फक्त नवल आहे. सुसान बॅकलिनी या स्टंट कलाकाराच्या कमरेला दोर बांधून ते दोन्ही बाजूंनी ओढले होते. शार्क या प्रसंगात एकदाही दिसत नाही. पुढेही स्पीलबर्गने तो बराच वेळ दाखवला नाही, कारण खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा. आपण शार्कच्या जागी एकदा राहून आलोय, तेवढं पुरतं.

वेस क्रेव्हनच्या ‘स्क्रीम’मध्ये (१९९६) तर हे उघड बोलूनच दाखवलंय. ड्र्यू बॅरीमोर गॅसवर पॉपकॉर्न भाजत फोनवरच्या अनोळखी माणसाशी हसतखेळत बोलते. त्याला तिचं नाव हवंय. कशाला, असं ती विचारते. आपण कुणाकडे बघतोय ते कळावं म्हणून, असं तो सांगतो. त्या क्षणापासून घराच्या मोठाल्या काचा, ज्यांकडे आपण लक्षही दिलं नव्हतं, घराचा सगळ्यात भयानक भाग होतात. थिएटरात आपल्याही मांडीवर पॉपकॉर्न असतात, हे क्रेव्हनला पक्कं ठाऊक असणार.

राही अनिल बर्वेचा ‘तुंबाड’ (२०१८) मात्र दुसऱ्याच वाटेने जातो आणि तो मला या सगळ्यांइतकाच मोलाचा वाटतो. तिथे आधी गोष्ट सांगितली जाते, हस्तर नावाच्या लोभी देवाची, बापाने मुलाला सांगितलेली. मग १९१८ साल, न थांबणारा पाऊस, एक आई, दोन मुलं आणि बंद खोलीतली म्हातारी. तिला वेळेवर जेवू घालायचं आणि हस्तरचं नाव घेऊन झोपवायचं. इथे कुणी लपून बघत नाही. उलट घरातल्या प्रत्येकाची धडपड न बघण्याची आहे. पंकज कुमारचा कॅमेराही दिव्याच्या उजेडात दिसेल तेवढंच दाखवतो, आणि ताटापलीकडे जे आहे ते आवाजावरून ओळखावं लागतं. ज्यांनी लहानपणी नारायण धारपांच्या भयकथा दुपारच्या उन्हातच वाचायच्या असं ठरवलं होतं, त्यांना हे घर परकं वाटत नाही. बर्वेच्या मनात या चित्रपटाचं बीज धारपांच्याच एका गोष्टीने पेरलं.

हल्ली बरेच भयपट पहिल्याच मिनिटात दणका देतात. कपाटातून हात येतो, कानठळ्या बसतात, नाव झळकतं. दचकायला होतं आणि लगेच मोकळंही वाटतं, कारण जे यायचं ते येऊन गेलं. मला ही फसवणूक वाटते. दचकणं अंगावरून जातं. आपल्याकडे कुणी बघतंय ही शंका अंगात राहते, आणि ती रुजायला वेळ द्यावा लागतो, शांतता द्यावी लागते, शब्दशः.

ती शांतता आता थिएटरातही मिळत नाही. राष्ट्रगीत संपून माणसं बसतात, सिनेमा सुरू होतो आणि पहिली दहा मिनिटं मोबाइलचे दिवे आपापल्या खुर्च्यांचे नंबर शोधत फिरत राहतात. हिचकॉकने १९६०मध्ये ‘सायको’ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरांवर घातला होता. लोकांनी तो पाळला, बाहेर रांगा लावल्या. ‘द शायनिंग’ किंवा ‘तुंबाड’ पुन्हा पडद्यावर लागेल तेव्हा इथेही तोच नियम लावावा, अशी माझी थिएटरवाल्यांना कळकळीची विनंती आहे. दिवे मालवा, दारं लावा, आणि उशिरा आलेल्यांना पुढच्या खेळाची तिकिटं द्या.