रुक्मिणीच्या गावचा अर्ज

'नाही' हा शब्द ऐकावा लागण्यापेक्षा मुळात विचारूच नये, अशी आमच्या घराण्याची जुनी समजूत आहे. यंदा दसऱ्याला कौंडण्यपूरला बहिणीकडे गेलो, तो हीच समजूत बारावीतल्या भाचीच्या तोंडून नव्याने ऐकायला मिळाली!

प्रश्न अभियांत्रिकीचा होता. जेईईचा अर्ज भरावा की भरू नये? तिचे म्हणणे असे की, राज्याची सीईटी पुरे. तीत उत्तर चुकले तर गुण कापीत नाहीत. जेईईत चुकीला एक गुण जातो. शिवाय सीईटीवर अमरावतीचे शासकीय महाविद्यालय मिळाले, तर घर चाळीसेक किलोमीटरांवर. हिशेब चोख होता. पण त्या साऱ्या हिशेबात नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेचे नाव ती कटाक्षाने टाळीत होती. मनात जे असते ते माणूस नेमके वगळतो, नाही का?

1960 साली सुरू झालेल्या त्या संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात; वाट मात्र जेईईवरूनच जाते. ज्यांचे नाव संस्थेला आहे ते विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानातल्या खेड्यातले. सरकारी शिष्यवृत्तीवर ते पुण्याला अभियांत्रिकी शिकायला आले आणि 1883 साली परीक्षेत पहिले आले. हे मी रंगून सांगत होतो, तोच तिची आजी माजघरातून म्हणाली, "अन् पोरीले तिकडे धाडाले पैसा कोठून आनाचा?"

या प्रश्नापुढे माझे विश्वेश्वरय्या गप्प झाले. चार एकर कपाशीच्या घरात तो प्रश्न पहिलाच यायला हवा होता. राज्याच्या प्रवेशफेरीतून जाणाऱ्या ठराविक प्रवर्गांतल्या मुलींना, घरचे उत्पन्न 8 लाखांच्या आत असले तर, 2024 पासून शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. नागपूरची संस्था केंद्राची. तिथे 1 लाखाच्या आत पूर्ण, 5 लाखांच्या आत दोन तृतीयांश माफी. खोली आणि खानावळ वेगळीच. म्हणजे मुलीची भीती आणि घरची अडचण एकमेकींच्या आड लपून बसल्या होत्या.

संध्याकाळी वर्धेच्या काठी, रुक्मिणीच्या देवळाकडे निघालो. मी म्हटले, "अगं, या गावातून पहिला अर्ज तिनेच केला. भागवतात सात श्लोकांचे पत्र आहे, ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला धाडलेले. घरच्यांनी शिशुपाल ठरवून ठेवला होता, म्हणजे एक जागा हातात होती. तरी विचारलेच ना!" (अमरावतीच्या महाविद्यालयाने ही उपमा मनावर घेऊ नये.)

भाची हसली नाही. "मामा, या जन्मी नाही तर शंभर जन्मांनी, असं तिनं लिहिलंय म्हणे. आम्हांला दोनच वेळा मिळतात, जानेवारी अन् एप्रिल."

मला उत्तर सुचले नाही. नदीला पाणी बरेच होते. आम्ही ते पाहत उभे राहिलो.

रात्री जेवताना तिने ताटाकडे पाहतच विचारले, "बाबा, अर्जाची फी भराल?"

भाऊजी पुष्कळ वेळ भाकरी मोडीत राहिले. मग म्हणाले, "अर्जाची भरतो. नंबर लागला, तर जायाचं तवा पाहू."

"अन् उत्पन्नाचा दाखला?" आजी म्हणाली. "त्याच्यासाठी तिवशाले जा लागन. सकाळीच निघ."