काय खाल्लं होतंस गं?

तान्ह्या बाळाच्या गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठले की आपल्याकडे आधी बाळंतिणीची झडती होते. काय खाल्लं होतंस गं? वांगं? शेंगदाणे? एक आजी म्हणते उष्णता, दुसरी म्हणते दृष्ट. माझ्या भाचीने असं एकेक सोडत शेवटी मऊ भात आणि तूप गाठलं. चट्टे होते तिथेच राहिले.

हे चट्टे इसबाचे, आणि इसब हा मुळात लहानग्यांचाच आजार. ज्या मुलांना तो होतो, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना पहिल्या वर्षातच होतो. गाल, टाळू, हातापायांच्या बाहेरच्या बाजू. लंगोटाखालची ओलसर जागा मात्र बहुधा सुटते. अनेक श्रीमंत देशांत पाचांतल्या एका मुलाला तो कधी ना कधी गाठतो. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी.

दोषी शोधायचाच असेल तर वंशावळ काढावी, तीही दोन्हीकडची. आईला किंवा वडिलांना इसब, दमा, सततच्या शिंका असतील तर बाळाचा धोका वाढतो. दोघांनाही असतील तर आणखी. पण व्याह्यांच्या दम्याची चौकशी कोण करतो? २००६ साली आयर्विन मॅकलीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या बिघाडाशी इसबाचं नातं दाखवलं. कातडीचा वरचा थर घट्ट आणि ओलसर राखण्यात या प्रथिनाचा मोठा वाटा. ते कमी पडलं की चिऱ्यांमधला चुना झडलेल्या भिंतीसारखं होतं: आतला ओलावा बाहेर जातो, बाहेरचं नको ते आत शिरतं. हा बिघाड असूनही इसब न होणारी माणसं पुष्कळ आहेत आणि तो नसताना इसब होणारी बाळंही पुष्कळ. त्यात कोरडी थंडी, फेसाळ साबण, अंगावरची लोकर यांची भर पडते. आणि लव जावी म्हणून अंगाला लावणाऱ्या मावशी डाळीचं पीठ खसाखसा चोळतात, तेही अशा कातडीला सोसत नाही.

मग जन्मापासून रोज क्रीम लावलं तर? ब्रिटनमध्ये घरात अशा आजारांचा इतिहास असलेल्या सुमारे १४०० बाळांवर हे करून पाहिलं गेलं. निम्म्या बाळांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावायला सांगितलं. २०२०मध्ये निष्कर्ष आला: दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांत इसबाचं प्रमाण जवळपास सारखंच. आईने आपलं खाणं तोडल्यानेही इसब टळतो, असं आजवरच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. म्हणजे खाल्लं म्हणून झालं नाही आणि लावलं नाही म्हणूनही नाही.

एकदा इसब झाला की मात्र तेच मॉइश्चरायझर उपचाराचा पाया ठरतं. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात उरकायची आणि अंग टिपल्यावर लगेच ते भरपूर लावायचं. सूज चढली तर डॉक्टर सौम्य स्टेरॉइडची ट्यूब देतात. स्टेरॉइड म्हटल्याबरोबर घर दचकतं आणि ट्यूब फडताळात जाते. सांगितली तेवढीच लावली तर ती कामाची असते आणि रात्रभर खाजवत रडणाऱ्या बाळाला, त्याच्याबरोबर जागणाऱ्या आईलाही, झोप मिळते.