माझी गेलेली नोकरी

बडतर्फ झालेल्या मनुष्यानें आपल्या जागीं आलेल्या इसमाविषयीं निःपक्षपातानें लिहावें, अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. तरी पण आज मी तसा प्रयत्न करणार आहें. माझी महाविद्यालयांतील अध्यापकाची नोकरी अद्याप शाबूत आहे. मी म्हणतों ती नोकरी बिनपगारी होती, घरांतल्या घरांत होती, आणि ती मीं बावीस वर्षें इमानानें केली. सौभाग्यवती सकाळीं गावयास बसली म्हणजे तिच्या मागें बसून तंबोरा छेडणें हें माझें काम. तीन वर्षांपूर्वीं तें काम एका मोबाईल फोननें घेतलें.

मला गातां येत नाहीं, आणि ही गोष्ट मीं लग्नापूर्वींच प्रामाणिकपणें कळविली होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षीं हिला तंबोऱ्यावर साथ करणारी विद्यार्थिनी पुण्यास गेली आणि जागा रिकामी झाली. अर्जदार एकच होता. नौपाड्यांतल्या आमच्या दोन खोल्यांत हिनें मला आठ दिवस शिकवणी दिली. पहिली तार पंचमाची, मग जोडाच्या दोन षड्जाच्या, आणि शेवटची पितळी, खर्जाची. मधल्या बोटानें पहिली, तर्जनीनें उरलेल्या तिन्ही. तार ओढावयाची नाहीं, नुसती कुरवाळावयाची. आणि गाण्याच्या लयीशीं स्पर्धा तर मुळींच करावयाची नाहीं. इतकें सोपें दिसणारें आणि इतकें अवघड असलेलें दुसरें एकच काम मला ठाऊक आहे: प्रश्न विचारल्यावर वर्गांत गप्प उभें राहून मुलांना विचार करूं देणें.

तंबोरा आम्हीं मिरजेहून आणला होता. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तेथें तंतुवाद्यें घडविण्याचा धंदा उचलला; पुढें खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या वास्तव्यानें त्या गांवाचें नांव गवयांच्या तोंडीं झालें; आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें. आमच्या समोर त्या वृद्ध कारागिरानें घोडीचा माथा कानसेनें हळूहळू घांसला, तारेखालीं सुताचा दोरा केसभर मागेंपुढें सरकविला, आणि एकदम तारेंतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव उठला. “आतां बोलला,” एवढेंच तो म्हणाला. या बोलण्यालाच जवारी म्हणतात.

ही जवारी म्हणजे निव्वळ काव्य नव्हे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या ठिकाणीं छेडावी तेथें ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदु येतो, ते उपस्वर ऐकूं येऊं नयेत, असा पाश्चात्य ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोऱ्याची व वीणेची तार हा नियम पाळीत नाहीं, असें त्यांनीं दाखवून दिलें. सपाट व किंचित् गोलावा असलेल्या घोडीवर तार पुनःपुन्हां टेकते व सुटते, आणि जे स्वर नियमानें गप्प बसावयाचे तेही बोलूं लागतात. खर्जाच्या तारेंतून कोणीं न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, त्यास गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तो त्या तारेचा पांचवा उपस्वर होय. हें सर्व वाचून मला माझ्या नोकरीचा भलताच अभिमान वाटूं लागला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पुढें आम्ही घोडबंदर रस्त्यावर राहावयास आलों. जेथें एके काळीं परदेशचे घोडे उतरत, त्या बंदराकडे जाणारा हा रस्ता आतां अहमदाबादच्या महामार्गाला मिळणाऱ्या अवजड मालमोटारींनीं रात्रंदिवस गरजत असतो. त्यांत गेलीं कित्येक वर्षें मेट्रोच्या कामाची भर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर. पावसाळ्यांत हवा इतकी दमट कीं लांकूड फुगतें, खुंट्या अडतात किंवा सुटतात, आणि अर्धा तास सुरांत लावलेला तंबोरा दहा मिनिटांत रुसतो. त्यांतच एका मार्चमध्यें परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या भरांत माझा उजवा खांदा आखडला, आणि डॉक्टरांनीं सक्तीची रजा दिली.

रजेच्या काळापुरती एक बदली नेमणूक करण्यांत आली. वाघबिळास राहणारा हिचा भाचा आला आणि त्यानें हिच्या फोनवर आयतबलाप्रो नांवाची सामग्री चढवून दिली. तात्पुरती नेमणूक कायम कशी होते, हें महाविद्यालयांत आयुष्य काढलेल्या मनुष्यास सांगावयास नको. माझा खांदा दोन महिन्यांत बरा झाला. परंतु मला परत बोलावणें आलें नाहीं.

पराभूत मनुष्य प्रथम प्रतिस्पर्ध्याचीं उणीं शोधतो. मीं इतिहास धुंडाळला. बंगळूरच्या जी. राज नारायण या अभियंत्यानें १९७० च्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणारा तंबोरा तयार केला, तेव्हां अनेकांनीं नाकें मुरडलीं असतील. तरी ती पेटी हळूहळू घरोघर गेली. पहिल्या यंत्रांचा स्वर विद्युन्मंडलांतून घडविलेला असे. पुढें खऱ्या तंबोऱ्याचे आघात ध्वनिमुद्रित करून तेच फिरफिरून वाजविण्याची युक्ति निघाली. आतां तर अर्ध्या स्वराचे शंभर भाग करून त्यांतला हवा तो भाग बोटानें निवडतां येतो. मीं हिला म्हटलें, “पण हा निर्जीव आहे. दर फेरीस तोच, तसाच.” ती हंसून म्हणाली, “अहो, सुरानें तोच, तसाच असावें म्हणूनच तर तो लावतात.”

मग मी भाच्याकडे गेलों. तो संगणकावर जाहिरातींसाठीं संगीत रचतो. त्याच्या खोलीत एकही तार नाहीं, भोपळा नाहीं. पडद्यावर ‘सीरम’ नांवाचें एक वाद्य आहे, आणि ज्याला सिंथेसायझर म्हणतात तें सर्व त्या चौकटींत मावलेलें आहे. स्टीव्ह डूडा या अमेरिकन गृहस्थानें तें २०१४ सालीं बाजारांत आणलें. या धंद्यांत दहा वर्षें म्हणजे एक युग. तरी हें वाद्य टिकलें, आणि २०२५ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली ती जुन्या ग्राहकांना फुकट मिळाली.

“अरे, पण याच्याहून नवीं वाद्यें निघालीं नाहींत काय?” मीं विचारलें.

“पुष्कळ निघालीं, काका. पण याच्यांत आवाज कसा बनतो तें डोळ्यांना दिसतें. ही लाट पाहा. मी ती वांकविली कीं आवाज वांकतो. शिवाय मी अडलों तर विचारायला हजार माणसें आहेत. सगळ्यांजवळ हेंच आहे ना!”

मग त्यानें मला आवाज ऐकविले, आणि प्रत्येकाला एकेक विशेषण दिलें. हा फॅट, म्हणजे जाड, हा वॉर्म, ऊबदार, हा चिखलट, हा कांचेसारखा. सीरमविषयीं म्हणे सर्वांचें एकमत कीं तें स्वच्छ आहे. भांडण एवढ्यावरच कीं ही स्वच्छता गुण मानावी कीं तिला थंडपणा म्हणावें. १९७० सालच्या मिनीमूगची ऊब त्याला नाहीं, असें म्हणणारा एक पक्ष आहेच.

मला गंमत वाटली ती ही कीं, हीं सर्व विशेषणें मी ओळखत होतों. आमच्याकडेही आवाज गोड असतो, रुंद असतो, कोरडा असतो, धारदार असतो; जवारी खुली असते वा बंद; आणि न लागलेला तंबोरा पत्र्यासारखा वाजतो. कानाला स्वतःची अशी शब्दसंपत्ति फार थोडी. जिभेकडून गोडी, त्वचेकडून ऊब, डोळ्यांकडून स्वच्छता उसनी आणून तो आपला प्रपंच चालवितो. म्हणून वादकाचें विशेषण ऐकावें तें वाद्याचें वर्णन म्हणून नव्हे. त्या मनुष्याला त्या स्वरापाशीं काय हवें आहे, हें त्यांतून कळतें. थंडी वाजणाराच ऊब मागतो.

आणि वाद्य टिकतें तें केवळ गोडीवर टिकत नाहीं. बाजाच्या पेटीचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. तिचे स्वर बांधलेले, तिचा गंधार तंबोऱ्यांतील स्वयंभू गंधाराहून किंचित् चढा, मींड तिला अशक्य. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ सालीं कुठें अंशतः सैल झाली. त्या तीस वर्षांत पेटी मेली काय? ती भजनांत होती, नाटकांत होती, शिकवणीच्या खोलींत होती; जेथें मनुष्याला सोबत लागते तेथें ती हजर होती. हजर असणें हा वाद्याचा फार मोठा गुण आहे, आणि पंडितांच्या यादींत तो क्वचितच असतो.

इतका समजूतदारपणा अंगीं आल्यावर मीं एके दिवशीं हिला सरळच विचारलें. खरें सांगावयाचें तर मला निर्णय नको होता, प्रशस्तिपत्र हवें होतें. “फोनचा तंबोरा चांगला कीं माझा?”

ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “मिरजेच्या तंबोऱ्याची सर फोनला नाहीं. पण तुम्हीं मागें बसलां म्हणजे माझें निम्में लक्ष तुमच्याकडे असायचें. खांदा दुखतोय का, कॉलेजला उशीर होतोय का, कंटाळलांत का, हें मला तुमच्या आघातावरून कळायचें. मग मी आलाप आंवरता घ्यायची. आतां मी फक्त गातें.”

बावीस वर्षें मी समजत होतों कीं मी तिला साथ करतों. वस्तुतः तीच मला साथ करीत होती, आणि त्यापायीं तिचे किती आलाप अर्धेच राहिले असतील, याचा हिशेब आतां कोणालाही लागणार नाहीं. माझा आघात जिवंत होता, हें खरें. पण त्यांतला जीव तिला ओझें होत होता. यंत्राला खांदा नाहीं, कॉलेज नाहीं, कौतुकाची अपेक्षा नाहीं. त्याचा निर्जीवपणा हाच तिला मिळालेला पहिला मोकळा वेळ होता.

हें ऐकून मला वाईट वाटलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. आठवडाभर मी सकाळीं वर्तमानपत्रांत तोंड खुपसून बसलों. मग एके दिवशीं, खिडक्या बंद करून ती भैरव गात असतां, मी सहज तिच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसलों, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं इतक्या वर्षांत मीं तिला गातांना पाहिलेंच नव्हतें. मागें बसणाऱ्याला अंबाडा दिसतो, मुद्रा दिसत नाहीं. कोमल ऋषभावर तिचे डोळे मिटतात आणि डाव्या हाताचीं बोटें कांहीं तरी जपून धरल्यासारखीं मिटतात, हें मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं कळलें.

मिरजेचा तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यांत उभा आहे. रविवारीं, ती स्वयंपाकघरांत असतां, मी तो काढतों, फोनच्या सुराशीं एकेक तार मिळवितों, आणि थोडा वेळ एकटाच छेडीत बसतों. प्रतिस्पर्ध्याकडून सूर शिकण्यांत आतां मला कमीपणा वाटत नाहीं. गेल्या रविवारीं पंचम नीट लागत नव्हता. आंतून हांक आली, “अहो, जरासा चढवा.” मीं चढविला. फोडणीच्या आवाजांतून तिनें त्या षड्जांत आपला षड्ज मिसळला. आणि या वेळीं तिनें आलाप आंवरता घेतला नाहीं. भाजी मात्र थोडी करपली.