थंडीच्या तोंडावर बीडचं अंगण

बीडमध्ये हिवाळा एका दिवसात येत नाही. दिवाळीच्या आसपास दुपारी अजून ऊन भाजतं आणि फजरच्या वुजूला मात्र पाणी गार लागू लागतं. या तीन-चार आठवड्यांत आमचं अंगण सर्वांत देखणं दिसतं, असं आम्हा घरच्यांचं मत आहे. पाहुण्यांना इथे नुसता पसारा दिसतो.

पसारा आहेच. बीबी का मकबऱ्याची रेषेत आखलेली बाग आम्हालाही आवडते, पण तसल्या बागेला माळी लागतो आणि पाणी लागतं. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. निजामशाहीत, सोळाव्या शतकात इथे खजाना विहीर बांधली गेली; मोट न लावता नुसत्या उतारावर तिचं पाणी भुयारी पाटाने शेतांकडे जातं. आमच्याकडे विहीर नाही. वुजूचं आणि भांडी विसळल्याचं पाणी आहे, तेवढ्यावर जगेल ते आमचं.

सीताफळ जगतं. बालाघाटच्या डोंगरात ते कुणी न लावता उगवतं, शेळ्याही त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या आधीही आम्ही ते असंच खात होतो: डोळे उघडले की तोडायचं, धान्यात दडवायचं आणि रोज दाबून पाहायचं. उंच फांद्यांवरची फळं बुलबुलांची. झाडाचं पाखरानं खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचं पुण्य मिळतं, ही हदीस अम्मी प्रत्येक मोसमात ऐकवतात. (फळ हातचं गेल्यावर जरा जास्तच.)

खाली पडलेली फळं आणि पाला आम्ही झाडत नाही. सीताफळाच्या फुलात परागीकरण करतात ते बारीक भुंगे. त्यांना असा कुजका पाला आणि सडकी फळं लागतात. झाडाखाली लखलखीत झाडलं, तर पुढच्या वर्षीच्या फळांवर पाणी सोडायचं.

दोडक्याचा वेल वाळलाय, तोही तसाच मांडवावर राहू दिलाय. गुलबक्षीचं काळं बी गळतंय. हारसिंगार अजून रात्री फुलतो आणि पहाटे ओट्यावर सडा टाकतो. भिंतीवर शेपटी थरथरवत थिरथिरा येऊन बसला, म्हणजे थंडी आली म्हणायची.

यंदा मात्र हे सगळं वाचेल की नाही, अशी धाकधूक होती. जानेवारीत घरात निकाह आहे. पाहुणे बसणार कुठे, म्हणून अंगणभर फरशी टाकावी असा भावांचा आग्रह. बोलणं चांगलंच वाढलं. अब्बा गप्प होते. शेवटी म्हणाले, फरशीवर पडलेलं पावसाचं पाणी गटारात जाईल, मग उन्हाळ्यात मागायचं कुणाकडे? मांडव ओट्यापुढच्या मोकळ्या जागेत घालायचा, पाहुण्यांसाठी शेजारच्यांचं अंगण मागून घ्यायचं, असं ठरलं. ते दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेत. किल्ली आमच्याकडेच असते.

नवऱ्या मुलीला विकतचे कोन नकोत. कुंपणाची मेहंदी पावसाळ्यात चांगली फोफावली होती. थंडीत तिला नवी पालवी कमी येते, म्हणून पानं आत्ताच खुडायला घेतलीत. उन्हात वाळवली तर रंग उतरतो. आतल्या खोलीत जुन्या चादरीवर ती पसरलीत आणि तीन दिवस सगळे त्या चादरीला वळसा घालून चालताहेत.